शेवटचे दोन तास आणि त्याआधीची शहाण्णव वर्षे



आपल्याकडे कुणी म्हातारं माणूस गेलं की भेटायला येणाऱ्या बायकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "समाधी साधली ना?" उत्तर 'हो' असलं की चेहरे उजळतात. मग उपवास किती दिवसांचे झाले, पाणी कधी सोडलं, शेवटचा णमोकार कुणी ऐकवला, सगळं तपशिलाने निघतं. उत्तर 'नाही' असलं की जरा शांतता पसरते आणि कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणतं, "असू द्या, ज्याचं त्याचं पुण्य."

आमच्या मोठ्या आई पौषात गेल्या. मोठ्या आई म्हणजे माझ्या यजमानांच्या मोठ्या काकू, दारव्ह्याच्या आमच्या घरातल्या सगळ्यात थोरल्या. वय शहाण्णव, तेही अंदाजे. त्यांनी सल्लेखना घेतली नव्हती. दुपारी चारच्या सुमारास अर्धी वाटी मुगाचं पाणी घेतलं, नातसुनेला "दिवस मावळायच्या आत भांडी आटपा" असं सांगितलं, कुशीवर वळल्या आणि गेल्या. श्रद्धांजली सभेत ते "ज्याचं त्याचं पुण्य" मला तीनदा ऐकावं लागलं. म्हणणाऱ्या बाया वाईट नाहीत, आपल्यातल्याच आहेत. पण मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते आज लिहिते.

आधी शास्त्राचं बोलू, कारण विषय तिथूनच निघतो. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंड श्रावकाचार आपल्यापैकी अनेकींनी स्वाध्यायात ऐकला आहे. त्यात सल्लेखना कधी घ्यायची ते स्पष्ट सांगितलं आहे. उपसर्ग आला, दुष्काळ पडला, म्हातारपण आलं, रोग झाला, आणि त्यावर काही उपाय राहिला नाही, तर धर्मासाठी देह सोडायचा. आयुष्यभराच्या तपाचं फळ म्हणजे हा शेवट सुधारणं, असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणून शेवटाला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही, म्हणूही शकत नाही. पण त्याच ठिकाणी, आपल्या शक्तीप्रमाणे प्रयत्न करावा, असंही म्हटलं आहे. हे आपण वाचताना पटकन ओलांडून जातो.

त्यानंतर जो क्रम येतो तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी स्नेह, वैर, संग आणि परिग्रह सोडायचा. मन शुद्ध करून घरच्यांना आणि नोकरचाकरांना क्षमा करायची, आणि गोड शब्दांत त्यांचीही क्षमा मागायची. मग आयुष्यभरात केलेल्या पापांची आलोचना. हे सगळं झाल्यावर आहाराचा विषय येतो. घन आहार कमी करून दुधासारख्या पातळ पदार्थांवर यायचं, मग त्याहून पातळ, मग पाणी, आणि मग उपवास. म्हणजे ताट दूर करायची वेळ बरीच उशिरा येते. त्याच्या आधीचं काम कषाय बारीक करण्याचं आहे, आणि ते आठ दिवसांत उरकत नाही. त्याला वर्षं लागतात. आमच्या मोठ्या आईंना चाळीस लागली. ती मी सून म्हणून त्याच घरात राहून पाहिली आहेत.

त्या मूळच्या कारंज्याच्या. कारंजा लाड, आज वाशीम जिल्ह्यात येतं, दिगंबर समाजाचं जुनं ठाणं. तिथे मुलांसाठी १९१८ पासून महावीर ब्रह्मचर्याश्रम होता, पण मोठ्या आईंच्या घरी मुलीने घराबाहेर शिकायला जायची पद्धत नव्हती. भाऊ आश्रमात शिकून घरी आला की त्याच्या पाटीवरून त्या अक्षरं गिरवायच्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन दारव्ह्याला आल्या. येणंजाणं शकुंतलेने. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची ती छोटी गाडी, आणि कारंजा, दारव्हा दोन्ही तिच्याच वाटेवर. आता ती बंद पडली आहे, नव्या सुनांना तिचं नावही माहीत नाही. मोठ्या आई सांगायच्या की गाडी इतकी सावकाश चालायची, की माहेरच्या आठवणीने रडू आलं तर रडून, तोंड पुसून, पुन्हा हसरा चेहरा करायला दारव्ह्यापर्यंत वेळ पुरायचा.

एक गंमत त्या नेहमी सांगायच्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा दारव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होतं. नंतर आपण मध्य प्रदेशात गेलो. १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. "मी चूल सोडून कुठं गेली नाही, अन् चार राज्यं पाहिली," म्हणायच्या.

त्यांना मूलबाळ झालं नाही. १९६८ साली मोठे बाबा गेले तेव्हा मोठ्या आई चाळिशीच्या. कापडाचं दुकान धाकट्या दिरांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे आलं, आणि हिशेब मात्र माजघरात मोठ्या आईंकडे. हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. दुकानात सासरे बसायचे, रात्री गल्ल्याचे पैसे आणि दिवसभराच्या चिठ्ठ्या आत यायच्या, आणि कंदिलाच्या, पुढे बल्बच्या उजेडात मोठ्या आई रोजमेळ लिहायच्या. मी १९८३ मध्ये बी.कॉम. होऊन या घरात आले. पहिल्या आठवड्यात त्यांनी वही माझ्यापुढे टाकली आणि म्हणाल्या, "तुमच्या कॉलेजात असं शिकवते का पाहा." मी पाहिलं. जमा-नावे तंतोतंत, आणि शिल्लक जुळली नाही असा एकही दिवस नाही. कॉलेजात आमचा ताळेबंद पहिल्या फेरीत कधीच जुळायचा नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिल्या वहीवर वीर संवत २४९५ घातलेलं आहे. महावीर निर्वाणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, नवी वही उघडायची हा त्यांचा नेम. दुकान पुतण्यांकडे गेल्यावरही घरखर्चाची वही त्यांनी सोडली नाही. अशा त्रेपन्न वह्या आज आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

आता स्वभावाचं सांगते. सभेत सगळ्यांनी त्यांना "शांत, सोशिक, धर्मपरायण" म्हटलं. शांत? मी आले तेव्हा त्या घरातल्या सगळ्यात तापट बाई होत्या. एका पितळी घंगाळावरून त्यांचं आणि माझ्या सासूबाईंचं बिनसलं होतं, आणि दोघी जावा एकाच चौक्यात राबत असून दोन वर्षं एकमेकींशी थेट बोलल्या नव्हत्या. "तुझ्या काकूला सांग, मीठ कमी आहे." "तुझ्या मोठ्या आईला सांग, चाखून पाहिलं की दिसेल." पोरं मधल्यामधे टपाल पोचवायची. दशलक्षणात दहा दिवस दोघी शेजारी शेजारी बसून उत्तम क्षमेवरचं प्रवचन ऐकायच्या आणि घरी आल्या की पुन्हा तेच.

हे मिटलं कसं? मोठी घटना काही घडली नाही. एका क्षमावाणीला मोठ्या आई ते घंगाळ घासूनपुसून घेऊन आल्या, सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्याकडं राहू दे, मले याचं ओझं झालं." सासूबाई रडल्या. पुढे दोघींचं इतकं जुळलं की सासूबाई शेवटच्या आजारात माझ्यापेक्षा मोठ्या आईंच्या हातचंच पाणी मागायच्या. त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही, मंदिराच्या फळ्यावर लिहिलं नाही. माझ्या लेखी मोठ्या आईंची सल्लेखना त्या दिवशी सुरू झाली. तेव्हा त्या पंचावन्न-छप्पन्नच्या असतील.

लोभाचंही तसंच. गूळ, सरकी, जुनी लुगडी, रिकामे डबे, सगळं राखून ठेवायचा त्यांना सोस होता. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी यायची, ती दोन दोन तास निवडत बसल्याचं सांगायच्या. किडा दिसला की अलगद कागदावर घेऊन सावलीत नेऊन सोडायच्या. तेव्हापासून धान्य संपण्याची भीती मनात बसली असावी. पण ऐंशी पूर्ण झाल्यावर त्यांनी एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. दागिने आधीच वाटून झाले होते. आता भांडी, पेट्या, शाली. दरवर्षी अनंत चतुर्दशीला मोजून परिग्रहाची मर्यादा कमी करायच्या. शेवटी त्यांच्या नावावर चार पातळं, एक शाल, जपमाळ, चष्मा, पाणी गाळायचं फडकं आणि चालू वर्षाची वही, एवढंच उरलं होतं. नळ आला तरी पाणी त्या गाळूनच घ्यायच्या, आणि विहीर बुजवेपर्यंत जिवाणी पुन्हा विहिरीत सोडायच्या. पुढे विहीरच राहिली नाही याचं दुःख त्यांना दागिने गेल्यापेक्षा जास्त झालं.

त्या वह्यांमधलं एक पान मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. हिशेबात 'येणे' असं एक पान असायचं. गल्लीतल्या, शेतातल्या, दुकानावर कामाला येणाऱ्या बायकांना त्या उसने पैसे द्यायच्या. व्याज नाही, पण नोंद पक्की. कुणाचे वीस, कुणाचे दोनशे, कुणाच्या मुलीच्या लग्नाला हजार. बरेच परत आले, बरेच नाही. ऐंशीव्या वर्षीच्या वहीत त्या पानावर वरून खाली एक तिरपी रेघ आहे आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिलं आहे, "सर्वांस क्षमा. आमचे चुकले असेल त्याची क्षमा असावी." आमच्या भाषेत याला बुडीत कर्ज खात्यातून काढणं म्हणतात. कंपन्या ते नफातोट्याच्या पत्रकात दाखवतात. मोठ्या आईंनी ते कुठे दाखवलं नाही. त्यांच्या हयातीत घरात कुणालाही हे माहीत नव्हतं. सुतक संपल्यावर पेटी उघडली तेव्हा मी ते पान वाचलं.

आता सांगा, पुण्य कमी पडलं?

२०१५ साली आपल्यावर जे आलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. १० ऑगस्टला राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या ठरवली, देशभर आपण मूक मोर्चे काढले आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपण सगळ्या जणी एकच गोष्ट सांगत होतो. हे मरण ओढवून घेणं नाही, यात कुणाची सक्ती नसते, हा ज्याच्या त्याच्या आतल्या तयारीचा विषय आहे. मोर्चाच्या दिवशी मोठ्या आई ओट्यावर बसल्या होत्या. मी परत आल्यावर विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" म्हणाल्या, "कोर्टाले समजाऊन सांगता ते ठीक. घरच्या म्हाताऱ्याईले पण सांगत जा, का घाई नाही म्हणून."

त्या बोलण्याचा अर्थ मला अलीकडे जास्त कळतो. आमच्या यवतमाळच्या गल्लीत अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक आजी आहेत. तब्येत ठणठणीत, दोन वेळा भाकर खातात, तुरीच्या सोल्यांचं वरण आवडीने मागून घेतात. मोठ्या आईंच्या सभेहून आल्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, माझी भूक काही कमी होत नाही. लोक म्हणतील, एवढं वय झालं अन् हिचा जीव खाण्यातच." मला कसंसंच झालं. भूक लागते म्हणून एका म्हाताऱ्या बाईला लाज वाटावी? हे आपण केलं. मुद्दाम केलं नाही, पण प्रत्येक सभेत तोच एक प्रश्न विचारून आणि त्याच एका उत्तरावर मान डोलवून केलं.

आणि शास्त्र इथेही आपल्या बाजूने नाही. सल्लेखनेचे पाच अतिचार पाठशाळेतल्या पोरांना पाठ असतात. जगण्याची इच्छा धरणं हा त्यातला एक दोष. आणि लगेच दुसरा दोष, मरण लवकर यावं अशी इच्छा धरणं. पहिला आपण नीट लक्षात ठेवला, दुसरा विसरलो. ज्यांची खरी तयारी झाली, गुरूंची आज्ञा मिळाली, वेळ आली, त्यांनी सल्लेखना घ्यावी. त्यांच्या पाया पडायला मी स्वतः जाते आणि जाईन. पण ज्यांना ती वेळ आली नाही, त्यांच्या मुगाच्या पाण्याकडे तिरप्या नजरेने पाहायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मोठ्या आईंचं खुब्याचं हाड चौऱ्याण्णवाव्या वर्षी मोडलं. नंतरची दोन वर्षं बहुतेक अंथरुणात गेली. त्या काळात त्या दोन दोन तासांचे नियम घ्यायच्या. "आता सहा वाजेपर्यंत काही घेणार नाही." सहा वाजले की णमोकार म्हणून नियम सोडायच्या, तहान लागली असली तर दिवस मावळायच्या आत पाणी प्यायच्या, आणि रात्रभर पुन्हा त्याग. कुणी म्हणालं, मोठा नियम घ्या. म्हणाल्या, "मोडीन तर पाप, निभवीन तर अभिमान. लहान बरा." एवढी समज ज्यांना होती त्यांच्या शेवटाची परीक्षा आपण घ्यावी असं मला वाटत नाही.

पौनार आपल्यापासून काही लांब नाही. विनोबाजींनी १९८२ च्या नोव्हेंबरात अन्न, पाणी आणि औषध सोडलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीच्या म्हणजे महावीर निर्वाणाच्या दिवशी देह ठेवला. आपल्या चारही संप्रदायांना मान्य होईल असं समणसुत्तं तयार व्हावं म्हणून त्यांनीच आग्रह धरला होता, त्यामुळे आपल्या घरांतून त्यांच्या त्या मरणाबद्दल आजही आदराने बोलतात. पण विनोबा म्हटलं की आपल्याला गीताई आठवते, १९५१ पासूनची भूदानाची तेरा वर्षांची पायपीट आठवते, आणि मग पौनारचा शेवट आठवतो. मोठ्या माणसाचं आयुष्य आणि मरण दोन्ही लक्षात राहतं. घरातल्या बाईचं फक्त मरण मोजतात, कारण आयुष्याची नोंद कुठे केलेलीच नसते.

मोठ्या आई १९८१ च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला गेल्या होत्या, बाहुबलींच्या मूर्तीला हजार वर्षं झाली त्या महामस्तकाभिषेकाला. तिथे गुल्लकायज्जीची मूर्ती आहे, तुमच्यापैकी जाऊन आलेल्यांनी पाहिली असेल. चामुंडरायाने घागरीच्या घागरी ओतल्या तरी अभिषेक पूर्ण होईना, आणि एका म्हाताऱ्या आजीने वांग्यासारख्या लहानशा फळाच्या करवंटीतून आणलेल्या दुधाने बाहुबली नखशिखांत न्हाले, अशी ती कथा. मोठ्या आई ती सांगून झाल्यावर नेहमी विचारायच्या, "पण तिचं नाव काय होतं?" गुल्लकायज्जी म्हणजे ते फळ आणलेली आजी. मूर्ती मिळाली, पण तिचं स्वतःचं नाव कुणी विचारलं नाही.

उलट अत्तिमब्बे पाहा. दहाव्या शतकातली कर्नाटकातली विधवा श्राविका. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती हाताने लिहवून घेऊन वाटल्या, जिनप्रतिमा घडवून दान दिल्या. हजार वर्षांनंतर हे आपल्याला माहीत आहे कारण रन्न कवीने तिच्या हयातीतच अजितपुराणात तिच्याबद्दल लिहून ठेवलं. लिहिणारा होता म्हणून दानचिंतामणी अत्तिमब्बे राहिली.

आणि आयुष्य लिहायचं तर कसं लिहायचं याचा धडाही आपल्याकडेच आहे. समयसार नाटक लिहिणारे बनारसीदास आपल्या स्वाध्यायातले. त्यांनी १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःचं चरित्र पद्यात लिहिलं. नाव ठेवलं अर्धकथानक, कारण माणसाचं पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचं धरलं तर ही निम्मीच गोष्ट. त्यात त्यांनी काय लपवलं? काहीही नाही. व्यापारात बुडालेले पैसे, तरुणपणचे नाद, तीन लग्नं, नऊ मुलं झाली आणि नऊही गेली ते दुःख, सगळं आहे. शेवटी स्वतःचे गुण सांगितले आणि त्यांच्या जोडीला दोषही सांगितले. पावणेचारशे वर्षांपूर्वीचा श्रावक इतकं खरं लिहू शकतो, आणि आपण घरच्या माणसाबद्दल फलकावर "शांत, सोशिक, धर्मपरायण" लिहून मोकळे होतो. तापट असलेली बाई चाळीस वर्षांत शांत झाली, हे सांगितलं तर तिची थोरवी कळेल. ती जन्मतःच शांत होती असं सांगितलं तर तिने केलेलं सगळं कष्टाचं काम पुसून टाकल्यासारखं होतं.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचीही तीच कथा. आमच्याकडे मजकूर तयार झाला त्यात मोठे बाबांचं नाव, पुतण्यांची नावं, नातवांची, दुकानाचं नाव, सगळं आलं. त्यांचं कारंजा मात्र नव्हतं. माहेरचं नावही नव्हतं. मी पुतण्याला, म्हणजे आमच्या यजमानांनाच, म्हटलं की दोन ओळी वाढवा, पैसे माझ्या घरखर्चातून द्या. वाढवल्या. "कारंजा येथील कन्या. दारव्हा येथील पेढीचा हिशेब अनेक वर्षे सांभाळला." त्या दिवशी दारव्ह्यातले दोन जुने व्यापारी यजमानांना भेटून म्हणाले, "आम्हाला वाटायचं तुमचे वडील हिशेबाला फार पक्के."

चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला छत्तीस दिवसांची सल्लेखना घेतली. त्या काळात ८ सप्टेंबरला त्यांचा शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित करून ठेवला. तो मराठीत आहे. महाराजांचा आवाज आजही आपल्याला ऐकता येतो याचं कारण एवढंच, की कुणाला तरी त्या काळी यंत्र घेऊन डोंगरावर जायचं सुचलं. आज प्रत्येकीच्या हातात ते यंत्र आहे. त्यात आपण नातवाचं नाचणं आणि ढोकळ्याची कृती साठवतो. मोठ्या आईंचा आवाज आमच्याकडे चार मिनिटांचा आहे. पुतणनातीने मुगवड्या कशा घालायच्या ते विचारताना घेतलेला. त्यात त्या मुगवड्यांवरून कारंज्याच्या गच्चीवर गेल्या, तिथून शकुंतलेच्या शिट्टीवर, आणि मग कुणीतरी हाक मारली म्हणून थांबल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की घरात म्हातारं माणूस असेल तर त्याचं ऐकून लिहून ठेवायचं काम आत्ता करा. फार मोठे प्रश्न विचारू नका. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की त्या म्हणतात, "माझं काय मेलं सांगण्यासारखं?" आणि विषय संपतो. लग्नात पहिल्यांदा सासरी आल्यावर कुणाच्या हातचं पाणी प्यालात ते विचारा. पहिला स्वतःचा पैसा कधी हातात आला? मुनिराजांचा पहिला आहार आपल्या चौक्यात झाला तेव्हा काय रांधलं होतं? कुणाशी अबोला होता आणि तो कुणी सोडला? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर लगेच येत नाही, पण आलं की सोन्यासारखं असतं.

काहीजणी म्हणतील, मेलेल्या माणसाचे रागलोभ कशाला उकरायचे, त्याने त्यांच्या आत्म्याची पुढची गती का बदलणार आहे? नाही बदलणार. त्यांचं कर्म त्यांच्याबरोबर गेलं. हे आपल्यासाठी आहे. माझी सून आणि माझी जाऊ सध्या एका मिक्सरवरून बोलत नाहीत. मी दोघींना घंगाळाची गोष्ट सांगितली. अजून बोलत नाहीत, पण काल मिक्सर दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या कट्ट्यावर आलेला दिसला.

त्या अठ्ठ्याऐंशीच्या आजींकडे मी आता मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी वही घेऊन बसते. दोन बैठका झाल्या. अजून त्यांचं लग्नच चालू आहे. बैलगाडीतून वऱ्हाड दिग्रसला निघालं, वाटेत चाक निखळलं, सूर्य मावळायला आला आणि शंभर माणसांचं जेवण मधेच शेताच्या बांधावर उरकावं लागलं, इथवर आलो आहोत. मी निघताना त्यांनी ओच्यातल्या शेंगा दाखवल्या आणि म्हणाल्या, "शुक्रवारी लवकर ये. तुरीच्या शेंगा सोलायच्या आहेत, सोलता सोलता पुढचं सांगते. अन् वरण खाऊनच जा."